गच्चीवरचा गॅस

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

दिवाळी संपली. आज सकाळी उमा चकलीची शेवटची ऑर्डर तळत असताना ज्योत पिवळी पडली आणि विझली. सिलिंडर रिकामा. ज्योत विझली त्याच क्षणी मला प्रकाश दिसला.

मी श्रीनिवास लासूरकर, अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवणारा माणूस. साधनं मर्यादित, गरजा अमर्याद, हा माझा दरवर्षीचा पहिला धडा. आणि माझ्याच घरात जमिनीच्या पोटातून उपसलेला गॅस जाळून चकल्या तळतात. हे थांबलं पाहिजे. आजच.

दुपारभर पर्याय तपासले. इंडक्शनची शेगडी घ्यावी, तर वीज कोळशातून येते. म्हणजे धूर दुसऱ्याच्या गावात आणि पोळी आपल्या ताटात. अनैतिक. चुलीत प्रामाणिकपणा आहे, धूर आपल्याच घरात राहतो, पण आमचं घर चौथ्या मजल्यावर. सोलर कुकर मागच्या उन्हाळ्यात वापरून झाला. सकाळी लावलेलं वरण सूर्य मावळल्यावर शिजलं, आणि तेसुद्धा उमानं आत आणून गॅसवर ठेवल्यावर.

उरला बायोगॅस. ओला कचरा टाकीत, टाकीतला गॅस शेगडीत, शेगडीवरचं पोटात, भाजीच्या साली पुन्हा टाकीत. वर्तुळ पूर्ण. पृथ्वीकडे हात पसरायची गरज नाही.

उमाला सांगितलं. तिचा घरगुती पदार्थांचा व्यवसाय आहे, सण आले की ऑर्डरी असतात. तिनं विचारलं, माझ्या ऑर्डरी कशावर करू. मी म्हणालो, गॅसवर. कुठल्या? आपल्या.

ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. भारावली असावी.

५ नोव्हेंबर

टाकी आली. काळी, दणकट, वर तरंगतं झाकण. गॅस झाला की झाकण वर येतं, वापरला की खाली जातं. इतकं पारदर्शक तंत्रज्ञान आपल्याकडे असताना लोक परदेशात काय शिकायला जातात कळत नाही.

टाकी लिफ्टमध्ये मावेना. जिन्यानं चढवली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर भिंतीचा थोडा रंग गेला. विकासाची किंमत.

गच्ची सोसायटीची असल्यानं चेअरमनची परवानगी लागते. आमचे चेअरमन काकासाहेब. मूळचे गंगापूरचे, तिकडे ऊस, कापूस, म्हशी, इकडे दोन फ्लॅट आणि मोठा आवाज. ते म्हणाले, टाका सर, गच्ची काय मोकळीच आहे. लगेच परवानगी दिली याचा अर्थ त्यांना विषय कळलेला नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

टाकी सुरू करायला शेण लागतं. त्यातल्या जिवाणूंवर सगळं अवलंबून. काकासाहेब म्हणाले, गंगापूरला शेतावर पाहिजे तेवढं आहे, फक्त तुमच्या गाडीतून न्या.

जाऊन आलो. डिकीत शेणाच्या गोण्या. येताना एक गोणी कलंडली.

एक शंका मनात आली ती प्रामाणिकपणे लिहून ठेवतो. जायला-यायला पेट्रोल जळालं. पण ते बायोगॅससाठी जळालं, म्हणजे त्याचं स्वरूप तत्त्वतः जैविकच झालं. शंका मिटली.

मनस्विनी, माझी मुलगी, इथंच कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकते. तिनं आमच्या गाडीत बसायला नकार दिला. कॉलेजला चालत जाणार म्हणे. तेवढं पेट्रोल वाचलं, ते प्रकल्पाच्या खात्यात जमा धरतो.

१३ नोव्हेंबर

नळाला आज पाणी आलं. पुन्हा कधी येईल ते नळालाच ठाऊक. टाकीला रोज बादल्यांनी पाणी लागतं, हे विकणाऱ्यानं सांगितलं होतं, पण मी तेव्हा अनुदानाविषयी विचारत होतो.

उपाय शोधला. अंघोळीचं पाणी टाकीत घालायचं. मात्र साबणानं जिवाणू मरतात. म्हणून आजपासून घरात साबणबंदी. बेसन लावावं.

मनस्विनी म्हणाली, बेसन कशावर भाजायचं? मी म्हणालो, भाजायचं नसतं. ती म्हणाली, ते माहिती आहे बाबा, विनोद केला.

विनोदाला ही वेळ नव्हे.

२० नोव्हेंबर, सकाळ

पेटला.

झाकण हातभर वर आलं होतं. नळी गच्चीवरून थेट आमच्या स्वयंपाकघरात घेतली आहे. कॉक उघडला, काडी लावली, आणि निळी ज्योत. आवाज नाही, काजळी नाही. उमानं एक कप चहा ठेवला. उकळी यायच्या आत टाकीचं झाकण बसलं, पण चहा कोमटाहून बराच गरम होता. मी उभ्यानंच प्यायलो. डोळ्यांत पाणी आलं. उमाच्याही आलं असावं, ती तोंड फिरवून उभी होती.

२० नोव्हेंबर, संध्याकाळ

माणसानं मागचे दोर कापावेत. दोन्ही सिलिंडर उचलले आणि तळमजल्यावर आवडाबाईंकडे नेऊन ठेवले. आवडाबाई वैजापूरच्या. मुलगा-सून नोकरीपायी पुण्याला, त्यामुळे घर मोकळं आणि बोलणंही. म्हणाल्या, "ठिवा की, सर. माझ्याकडं काय, जागाच जागा." घरात सिलिंडर नाही, म्हणजे मोह नाही.

उमा मागून काहीतरी सांगत होती. आवडाबाईंचा ओटा मोठा आहे, मग मी तिथंच करत जाईन, वगैरे. मी तेव्हा रेग्युलेटर काढत होतो. वायसर फार घट्ट असतं.

२४ नोव्हेंबर

प्रकल्पाला खाद्य कमी पडतं आहे. तिघांच्या घरात साली निघतात त्या किती?

आहार बदलायचा ठरवलं. भाजी निवडताना गर बघायचा नाही, साल बघायची. दोडका, लाल भोपळा, मक्याचं कणीस. ऊर्जेच्या दृष्टीनं कोबी उत्तम, नीट निवडला तर सगळाच टाकता येतो. आज बाजारातून पिशवीभर कोबी आणून तो थेट टाकीत घातला. वाटेत मनात आलं की याची भाजी झाली असती. पण भाजी करायला गॅस लागला असता.

सोसायटीलाही आवाहन केलं, आपला ओला कचरा प्रकल्पाला द्या. संध्याकाळी दारात पिशव्यांचा ढीग. आत उष्टा भात, हाडं, एक टूथब्रश आणि कुणाची तरी एक चप्पल. एकच चप्पल. लोकांत अजून ऊर्जासाक्षरता नाही.

२९ नोव्हेंबर

मोठं यश. गुलमंडीच्या बाजारात एका ज्यूसवाल्याशी बोलणी झाली. मोसंबीच्या सालींचा डोंगर रोज त्याच्याकडे साचतो. तो म्हणाला, "ले जाओ सर, रोज ले जाओ, हमारा बी टेन्शन गया." कच्चा माल फुकट, तोही अखंड. मोसंबी आपल्या भागाचं वैभव. ज्याच्याकडे मोसंबी त्याच्याकडे ऊर्जा.

कॉलेज सुटल्यावर रोज गाडीनं गुलमंडी. पार्किंग मिळेपर्यंत फेऱ्या माराव्या लागतात. त्या पेट्रोलचंही स्वरूप वरीलप्रमाणे.

मनस्विनीचं म्हणणं, मोसंबीच्या सालींनी टाकी आंबट होईल. तिला सांगितलं, मी मोसंबी खातो, मी आंबट झालो का? दुसऱ्या वर्षाला आहे. शिकेल.

३ डिसेंबर

आज जे दिसलं ते शांतपणे लिहायचं आहे.

झाकण पूर्ण वर आहे. काल होतं, परवाही होतं. मध्ये उमाचा दोन वेळचा स्वयंपाक झाला, एका बारशाची ऑर्डर झाली. मी कॉलेजातून आलो तेव्हा टेबलावर गरम डबे मांडलेले होते. तरी झाकण बोटभरही खाली नाही.

म्हणजे गॅस वापरला तरी कमी होत नाही.

अर्थशास्त्रात याला जागा नाही. पदार्थविज्ञानात आहे की नाही ते आमच्या कॉलेजातल्या भोसले सरांना आडून विचारलं. ते म्हणाले, असं होऊच शकत नाही. प्रत्येक मोठ्या शोधाच्या वेळी कुणीतरी असं म्हणालेलंच असतं.

या घटनेला तूर्त ‘लासूरकर परिणाम’ असं नाव देतो. कुणाला सांगायचं नाही.

४ डिसेंबर

काकासाहेबांना सांगितलं.

७ डिसेंबर, रविवार

सोसायटीची सभा. विषय, लिफ्ट. हल्ली वीज जाते आणि लिफ्ट मधेच थांबते. गेल्या आठवड्यात आमच्याकडे वर येताना आवडाबाई भाजीच्या पिशवीसह अडकल्या होत्या. बाहेर आल्या तेव्हा मेथी निवडून झाली होती.

काकासाहेबांनी डिझेल जनरेटरचा प्रस्ताव मांडला. मी उठलो. डिझेलचा धूर, त्याचा आवाज, पुढच्या पिढ्या, या क्रमानं बोललो. काकासाहेब म्हणाले, पुढची पिढी चौथ्या मजल्यावर जिन्यानं चढेल, माझे गुडघे चढत नाहीत. मुद्दा भावनिक होता. सभेवर परिणाम झाला.

तेव्हा मी जाहीर केलं की, माझ्या गच्चीवरच्या गॅसवर गॅस-जनरेटर बसवता येईल आणि लिफ्ट बायोगॅसवर चालेल. गॅस संपणार नाही याची जबाबदारी माझी. मागून मनस्विनी सोलर पॅनेलविषयी काही बोलायला उठली होती. मी हातानं खाली बस म्हणून खुणावलं. घरात एक प्रकल्प चालू असताना दुसऱ्याचं नाव काढू नये.

ठराव असा झाला, ११ जानेवारीला मी गच्चीवर सर्वांसमोर प्रात्यक्षिक द्यावं, मग निर्णय. पटलं नाही तर जनरेटर.

आवडाबाई निघताना म्हणाल्या, "सर, तुमचा गॅस वर असंल, पर वास लई खाली येऊ राह्यला."

१४ डिसेंबर

थंडी पडली. जिवाणू थंडीत सुस्तावतात. टाकीला आधी गोधडी गुंडाळली. ती अपुरी पडली. कपाटात उमाची हिमरूची शाल होती, लग्नातली. वर्षानुवर्षं नुसती घडीत. हिमरूची ऊब उत्तम असते. ती गोधडीवर घातली आणि सुतळीनं बांधली. टाकीला शोभा आली.

संध्याकाळी उमानं विचारलं, शाल कुठं गेली. मी म्हणालो, जिवाणूंना दिली. तिनं गच्चीवर जाऊन पाहिलं. परत येऊन मुकाट्यानं जेवली. मला वाटतं तिला आता प्रकल्पाचं महत्त्व पटत चाललं आहे.

एक निरीक्षण. हल्ली सकाळचा चहा थर्मासमधून येतो. उमा एकदाच करून साठवते. ऊर्जाबचत. माझा प्रभाव.

१९ डिसेंबर

टाकीला फेस आला. काठावरून ओघळला, पन्हाळीतून खाली उतरला आणि काकासाहेबांच्या गाडीवर पडला. गाडी पांढरी असल्यानं फारसं कळलं नाही. वासानं कळलं.

अपचन आहे. पोट बिघडलं तर माणूस काय करतो? टाकीत ताक घातलं. मग ओवा. विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, आंबट झाली असेल, मोसंबी बंद करा आणि थोडा चुना घाला. अर्धा सल्ला मानला. पानाच्या टपरीवरून चुना आणून घातला. मोसंबी बंद करणं शक्य नाही, ज्यूसवाल्याला शब्द दिलेला आहे.

झाकण मात्र अजून वर. काठानं बुडबुडे येतात. अतिरिक्त उत्पादन.

२३ डिसेंबर

घरातला संवाद कमी झाला आहे. उमा दुपारभर आवडाबाईंकडे असते. बायकांना गप्पा मारायला एवढा वेळ मिळतो कसा? आज खालून येताना त्यांच्या दारापाशी भाजलेल्या तिळाचा वास आला. दोघी नुसत्या गप्पा मारत नसून काही खातातही.

संक्रांतीला उमाची गूळपोळीची मोठी ऑर्डर आहे, एका महिला मंडळाची. तिला म्हटलं, निर्धास्त राहा, गॅस भरपूर आहे. ती म्हणाली, मी निर्धास्तच आहे.

मनस्विनीनं पुन्हा तोच विषय काढला. ती म्हणाली, बाबा, झाकण वर आहे म्हणजे जळणारा वायू आहे असं नाही, कार्बन डायऑक्साइडही असू शकतो, एकदा स्वतः पेटवून बघा. मी म्हणालो, तुझी आई रोज पेटवते. ती उठून आत गेली. आईचं नाव काढलं की मुलं ऐकतात.

२८ डिसेंबर, रविवार

दुपारी घरी कुणी नव्हतं. स्वतः चहा करावा म्हटलं. कॉक उघडला, काडी लावली, काडी विझली. दुसरी लावली, विझली. खिडकी लावली, पंखा बंद केला. तिसरी. काड्या दमट असणार, हवाच तशी आहे.

उमा आल्यावर सहज विचारलं, तू शेगडी कशी पेटवतेस. ती म्हणाली, मी नाही पेटवत.

म्हणजे लायटर वापरते. काड्या वापरतच नाही. माझीच चूक. उद्या चांगला लायटर आणायचा.

४ जानेवारी २०२६

भाषण तयार. सुरुवात कोळशाच्या युगापासून. मध्ये डिझेलचा ऱ्हास. शेवटी काकासाहेबांविषयी दोन चांगली वाक्यं, हरलेल्या माणसाशी मोठ्या मनानं वागावं म्हणून.

काकासाहेब जिन्यात भेटले. म्हणाले, सर, जमलं तर मला आनंदच आहे, डिझेलचा धूर मलाही नको, फक्त लिफ्ट चालली पाहिजे. राजकारणी माणूस.

११ जानेवारी, रविवार, सकाळ

आकाश निरभ्र. झाकण पूर्ण वर. शालीच्या सुतळीची गाठ नव्यानं बांधली. गच्चीवर खुर्च्या मांडल्या. नळीला दुसरं तोंड काढून एक शेगडी इथंच बसवली, म्हणजे सगळ्यांना दिसेल. शेगडीवर दुधाचं भांडं. उतू जाईपर्यंत थांबायचं, मग टाळ्या.

११ जानेवारी, संध्याकाळ

लिहावंसं वाटत नाही. पण लिहितो.

सगळे आले होते. आवडाबाईंनी शुभकार्य म्हणून टाकीपुढं निरांजन लावलं होतं. कोळशाच्या युगापासून डिझेलपर्यंत भाषण नीट झालं. लोक नाकाला रुमाल लावून का होईना, ऐकत होते.

कॉक उघडला. नवा लायटर. ठिणगी पडली, ज्योत नाही. पुन्हा. पुन्हा. मी म्हणालो, वारा आहे. काकासाहेब पुढं आले आणि त्यांच्या मोठ्या देहानं वारा अडवून उभे राहिले. पुन्हा. मग काडेपेटी. पेटलेली काडी शेगडीजवळ नेली की ती विझायची, जणू कुणी हळूच फुंकर घालतं आहे. सगळी पेटी संपली. शेवटी आवडाबाईंचं निरांजन उचलून शेगडीपाशी धरलं. तेही विझलं.

दुसऱ्या मजल्यावरची करुणा, शाळेत शिकवते, ती गंभीरपणे म्हणाली की आग लागली तर विझवायला हे फार उपयोगी पडेल. तिला चेष्टा करायची नव्हती. म्हणूनच सगळे हसले.

मी म्हणालो, थांबा. ज्याचा रोजचा हात आहे त्यानंच पेटवावी. उमाला बोलवा.

उमा आली. हाताला पीठ, कपाळावर गुळाचा एक ठिपका. मी म्हणालो, रोज पेटवतेस तशी पेटवून दाखव. तिनं पदराला हात पुसले. मग सगळ्यांसमोर, आवाज न चढवता म्हणाली,

"अहो, या गॅसवर त्या एका चहापलीकडे मी काहीच केलेलं नाही. एक फुलकासुद्धा नाही. सिलिंडर तुम्हीच खाली नेऊन ठेवलेत. मी तेव्हाच म्हटलं होतं, मी तिथंच करत जाईन."

आवडाबाई म्हणाल्या, "व्हय की. सरांना ठावं न्हाई? वरचं समदं जेवण रोज माझ्याच वट्यावर व्हतंय."

मी शालीच्या सुतळीकडे बघत होतो. गाठ सैल झाली होती. ती आवळावी की नको हे ठरेना.

मग मनस्विनी बोलायला उठली. या वेळी तिला मी खुणावलं नाही. ती म्हणाली, बाबांची कल्पना चुकीची नव्हती, पण मोसंबीच्या सालींनी टाकी आंबली, त्यामुळं जळणारा मिथेन होतच नाही, जे भरलंय ते बहुतेक कार्बन डायऑक्साइड. पुढं लिफ्टचा विषय घेतला. गच्चीवर दिवसभर ऊन पडतं. सोलर पॅनेल आणि बॅटरी बसवली तर लिफ्ट आणि जिन्यातले दिवे सहज चालतील. पॅनेल खराब झाल्यावर त्यांचं काय करायचं, बॅटऱ्या कुठं जाणार, हेही तिनं लपवलं नाही. म्हणाली, काहीच फुकट नसतं, कशाचा त्रास कमी ते बघायचं. बोलताना बोट उचलून मुद्दे मांडत होती. हुबेहूब मी वर्गात मांडतो तसं. क्षणभर छाती भरून आली. मग लक्षात आलं की ती जिंकते आहे.

आवडाबाई म्हणाल्या, उन्हाला वास नसतो, म्हणून त्या सोलरच्या बाजूनं. काकासाहेबांनीही हात वर केला. जनरेटर मागे पडला. सगळ्यांनी हात वर केले. मीही केला, पण उशिरा.

एकच अडचण निघाली. पॅनेल बसवायचे तर गच्ची मोकळी हवी. ऊन सगळ्यांत जास्त पडतं त्या जागी टाकी आहे.

१२ जानेवारी

सगळा विचार नव्यानं केला. या शहरात पर्यावरणपूरक ऊर्जा यावी यासाठी माझा प्रकल्प आता हटवावा लागणार आहे. म्हणजे माझ्यामुळेच ती येते आहे. हे उमाला सांगितलं. ती म्हणाली, गूळपोळ्या मोजू दे, मधे बोलू नका.

१४ जानेवारी, संक्रांत

उमाची ऑर्डर वेळेत गेली. महिला मंडळाला इतकी आवडली की पाडव्याचीही आताच सांगितली. ती म्हणते, स्वयंपाक वर परत आणायचाच नाही, आवडाबाईंच्या स्वयंपाकघरातच दोघी भागीदारीत करणार. बाहेर पाटीसुद्धा लावायची आहे. चहा पाहिजे असला तर खाली यायचं, घंटा वाजवायची.

दुपारी गेलो. घंटा वाजवली. आवडाबाईंनी दार उघडलं आणि विचारलं, ऑर्डर द्यायला आलात का घ्यायला?

तिळगूळ दिला. गोड बोलायचं म्हणून मी काहीच बोललो नाही.

१७ जानेवारी

टाकी रिकामी केली. आतला रबडा उपसून बादल्या खाली नेताना वीज गेली, लिफ्ट बंद. जिन्यानं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थोडं सांडलं. करुणा दार उघडून बघून पुन्हा आत गेली.

शाल उमानं पुन्हा पुन्हा धुऊन दोरीवर वाळत घातली आहे. त्या दोरीवर आता चिमण्या बसत नाहीत.

रिकामी टाकी भंगारात द्यायची होती. काकासाहेब म्हणाले, द्या माझ्याकडं, गंगापूरला शेतावर राहील पडून. पिकअपमध्ये घालून नेली. मी फाटकापर्यंत गेलो. वळणावर झाकण एकदा हललं. वाऱ्यानं असेल.

७ फेब्रुवारी

गच्चीवर पॅनेल बसले. मनस्विनीनं सगळ्यांना समजावून सांगितलं. मला खुर्ची दिली होती, मागच्या रांगेत. लिफ्ट चालते. मी जिन्यानं जातो, व्यायाम होतो.

पुढच्या प्रकल्पाची टिपणं काढायला घेतली होती. पवनऊर्जा. गच्चीवर जागा नाही, पण बाल्कनीत लहान पाती बसवता येतील. उमानं विचारलं, कसलं लिहिताय. म्हटलं, पेपर तपासतोय.

१५ फेब्रुवारी, रविवार

सकाळी काकासाहेबांनी सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. गंगापूरचं शेत. बाभळीखाली काळी टाकी, झाकण वर आलेलं. शेजारी शेगडी. कुणीतरी काडी लावतं आणि ज्योत पेटते. निळी, स्थिर. वर चहाचं पातेलं. खाली काकासाहेबांनी लिहिलं होतं, ‘सर, पेटला. आम्ही काहीच केलं नाही, नुसतं शेण टाकलं.’

ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस. मनस्विनीनं हार्ट टाकलं. आवडाबाईंनी हात जोडलेले. मीही अंगठा टाकला.

आवाज बंद करून व्हिडिओ पुन्हा पाहिला. मग पुन्हा. ज्योत निळीच होती, यात वाद नाही.

चहा मात्र त्यांनी फार उकळला होता.